वाडग्यात निजलेलं कांबळं

आरेकिपा, २६ मे १९९६

वन्सं यांस नोएमीचा नमस्कार.

माझं अक्षर बघून तुम्ही हे पत्र थेट चुलीत घालायला निघाला असाल, हे मला ठाऊक आहे. नऊ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि तुम्हीही मला लिहिली नाही. पण आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग खुशाल घाला. लेंड्यांपेक्षा कागद बरा पेटतो.

ईस्टरला तुमचा क्लेमेंते वर येऊन गेला, तेव्हा तुम्हा बहीणभावांत काय ठरलं ते मला परवा कळलं. तेही गच्चीवर विटा कशाला चढवतोयस असं मी विचारल्यावर. म्हणे, यंदा तुमच्या अल्पाकांची उशिरा जन्मलेली पाच पिल्लं आहेत. त्यातली तीन सांता रोसाच्या सणापर्यंत, म्हणजे ऑगस्ट सरेपर्यंत जगली, तर तुम्ही तिथंच राहायचं. तीनहून कमी उरली, तर सगळा कळप विकून खाली आमच्याकडे कायमचं यायचं. तो काळजीपोटी बोलला असेल. एकसष्टाव्या वर्षी एकटीनं त्या गारठ्यात राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण तुम्हीसुद्धा रागाच्या भरात शब्द देऊन बसलात.

आता मी सरळच लिहिते. तुम्ही इथं कायमचं राहायला यावं असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटत नसणार. म्हणजे माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आपण दोघी एका बाजूला आहोत.

मी विणकामाच्या कारखान्यात आहे. तिथं उरलेली लोकर ढिगानं पडून असते. पिल्लांना अंगरखे घातले तर जून-जुलैच्या थंडीत तगतात असं रेडिओवर ऐकलं. मापं कळवा, मी विणून पाठवते. तोरिबिओ दर रविवारी तुमच्या बाजाराला ट्रक नेतोच, त्याच्याकडे चिठ्ठी द्या. आणि यातलं क्लेमेंतेला काही कळता कामा नये.

नोएमी


चुलुंकानी, २ जून

नोएमी,

पत्र चुलीत घातलं नाही. आधी वाचलं, मग चहा केला, मग परत वाचलं. मला घरात घ्यायचं नाही हे इतक्या साफ शब्दांत लिहिणारी तू पहिलीच. माझा भाऊ नऊ वर्षं तुझ्याजवळ कसा टिकला ते आता कळतंय.

तुला वाटत असेल मी जुनं विसरले. विसरलेले नाही. तुझ्या लग्नात मी माझ्या हातचं कांबळं दिलं होतं, सहा महिने विणत होते. त्यानंतर तुमच्याकडे आले तर ते गच्चीवर दोरीला टांगलेलं. तुझी शेजारीण मला विचारते, "तीन आठवडे झाले, अजून वास जात नाही वाटतं?" मी दारातूनच परत फिरले, पाण्याचा घोटही घेतला नाही. तर असो.

पाच पिल्लं अशी आहेत. तीन पांढरी, एक करडं आणि एक काळी मादी. काळीचं नाव याना. खाली सगळ्यांना पांढरी लोकर हवी, म्हणून इथल्या लोकांनी काळी जनावरं मोडीत काढली. माझ्या आईच्या काळ्या वंशातली आता दोनच उरली आहेत, यानाची आई सेन्योरा आणि याना. सेन्योरा म्हातारी आहे, पुन्हा व्यायची नाही. म्हणून यानाची मला जास्त काळजी.

मापं वितीत देते, टेप माझ्याकडे नाही. पाठ दोन वीत चार बोटं. पोटाचा घेर तीन वीत. गळा सैल ठेव. आणि पोटाखाली मागच्या बाजूला उघडं सोड, त्यांना मुतायचं असतं. शहरातल्या लोकांच्या हे लक्षात येत नाही.

सातुर्निना


आरेकिपा, ११ जून

वन्सं,

पाच अंगरखे तोरिबिओबरोबर पाठवले आहेत. माझी वीत लहान की तुमची मोठी कळेना, म्हणून शेजारच्या कुत्र्याला घालून बघितले. कुत्रं दिवसभर अंगरखा घालून गल्लीत मिरवलं, काढू देईना.

रंग नारिंगी आहे, त्याला माझा इलाज नाही. कारखान्यात कुठल्याशा फुटबॉल संघाचे स्वेटर झाले होते, तीच लोकर उरली होती. एक बरं, धुक्यात पिल्लं लांबून दिसतील. तुमच्याकडे जाणारी वस्तू म्हणून मी ते तीनदा लॅव्हेंडरच्या साबणानं धुतले आणि उन्हात वाळवले. कुत्र्याचा एक केससुद्धा सापडायचा नाही.

गच्चीवर भिंती उभ्या राहिल्या आहेत. क्लेमेंते शीळ घालत विटा रचतो. काल मला म्हणाला, "खिडकी पूर्वेला ठेवतोय. सातूला सकाळचं ऊन लागतं." मी म्हटलं, "ठेव बाबा." 

येसेनिया आठ वर्षांची झाली. आत्या कशी दिसते विचारत होती. मी म्हटलं, बाबांसारखीच, फक्त रागीट.

नोएमी


चुलुंकानी, २० जून

नोएमी,

अंगरखे मिळाले. फार छान आहेत. तुझे आभार. इकडे सगळं ठीक आहे. दहिवर चांगलं पडतंय, आम्ही चुन्यो करायला, म्हणजे गोठवून वाळवायला, बटाटे पसरले आहेत, रात्रीत दगड होतात. आता आणखी विणू नकोस, उगाच तुला त्रास.

सातुर्निना


आरेकिपा, २८ जून

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी घाबरलेच. "फार छान", "आभार", "तुला त्रास". तुम्ही कधी माझ्याशी असं बोललात? मला वाटलं, तुमच्या नावानं दुसऱ्याच कुणी लिहिलं.

मग बाजारातून परतलेल्या तोरिबिओला गाठलं. तो म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, सांगू नको म्हणून." मी त्याला दोन वाट्या आदोबोचा रस्सा वाढला. दुसऱ्या वाटीला त्यानं तोंड उघडलं. एक पिल्लू गेलं आणि अंगरखे भिंतीवर वाळत पडलेत, एवढं कळलं. त्याच्यापुढे त्याला काही माहीत नव्हतं, नाहीतर तिसरी वाटी वाढली असती.

काय झालं ते सांगा. शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मला तुमच्या गोडव्यापेक्षा तुमच्या शिव्या समजतात.

नोएमी


चुलुंकानी, ७ जुलै

नोएमी,

आदोबो वाढून माणसाला फितवायची युक्ती चांगली आहे. तोरिबिओशी मी बोलणार नाही, निदान सणापर्यंत तरी.

विचारलंसच तर ऐक. एक नाही, दोन पिल्लं गेली. पहिल्याला हगवण लागली होती, ते अंगरख्याशिवायही गेलं असतं. त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. दुसरं मात्र उपाशी गेलं.

अल्पाकाची आई पिल्लाला डोळ्यांनी ओळखत नाही, नाकानं ओळखते. मी संध्याकाळी अंगरखे घातले. सकाळी पिल्लं आयांकडे गेली, तर आयांनी वास घेतला आणि मागे सरल्या. साबणाचा वास. सेन्योरानं तर स्वतःच्या लेकीच्या तोंडावर हिरवं थुंकलं. कुणी दूध पाजीना. मी अंगरखे काढले, तरी तो वास दोन दिवस अंगाला चिकटून होता. मग अंगरखे लेंड्यांच्या ढिगावर लोळवले, पाण्यात बुचकळले, पण तुमचा तो कारखान्यातला धागा कसलाच वास धरत नाही, साबणाचा तेवढा सोडत नाही. वर ओले झाले की फळीसारखे गोठतात. निकासिया शेजारीण म्हणाली, "सातू, ही पिल्लं आहेत की नारिंगी खोकी?" मला हसू आलं आणि मग रडूही आलं.

तू मुद्दाम केलं नाहीस, म्हणून सांगायचं नव्हतं. आणि खरं तर मलाही कळायला हवं होतं. अंगरखे उघडले तेव्हा मी स्वतःच म्हटलं, किती छान वास येतोय. चाळीस वर्षं जनावरं राखून मी ही चूक केली.

आता तीनच उरलीत. याना, करडं आणि एक पांढरं. यातलं एक जरी गेलं तरी मी हरले. याना रोज पहाटे थरथरत उठते. आठवडाभर मी तिला माझ्या शालीत गुंडाळून चुलीपाशी ठेवते, पण मग तिला धुराचा वास लागतो आणि सेन्योरा परत नाक मुरडते. घरात ठेवावी तर उपाशी, बाहेर ठेवावी तर गारठते.

वासाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकते. आमच्या आईची एक रीत होती. घरात सून यायची म्हटली की तिच्यासाठी विणलेलं कांबळं तीन रात्री वाडग्यात, जनावरांच्या दगडी कुंपणात, कळपाच्या मधोमध अंथरायचं. जनावरं त्याच्यावर बसतात, निजतात. सून आली की कळप तिला परकी मानत नाही. तुझं कांबळंही तसंच तीन रात्री निजलं होतं. तू समजलीस, ही बाई घाणेरडी आहे, धुतलंसुद्धा नाही.

सातुर्निना


आरेकिपा, १४ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र मी कारखान्याच्या संडासात बसून वाचलं, कारण बाहेर सगळ्या बायकांसमोर रडायचं नव्हतं. त्या पिल्लाचं मला फार वाईट वाटतंय. तीनदा धुतले हो मी ते, तीनदा.

आता माझंही ऐका. कांबळं तीन आठवडे दोरीवर टांगलं हे खरं आहे. मला तो वास सोसत नव्हता, मी एकवीस वर्षांची होते, मला काही कळत नव्हतं. पण तुम्ही तणतणत परत गेलात, त्याच महिन्यात क्लेमेंते खाणीवर गेला. अकरा महिने. येसेनिया पोटात होती. रात्री झोप येत नसे. एकदा थंडी वाजली म्हणून ते कांबळं ओढलं आणि लक्षात आलं, क्लेमेंते घरी असला की त्याच्या स्वेटरला जो वास येतो तो हाच. तुमच्या घरचा, वाडग्याचा, धुराचा. मग मी रोज तेच घेऊन झोपले. तो परत आल्यावर घडी घालून पेटीत ठेवलं, वास जाऊ नये म्हणून. नऊ वर्षांत एकदाही धुतलं नाही. हे मी क्लेमेंतेलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला तर मेल्यावरही सांगितलं नसतं.

काल पेटी उघडली. वन्सं, तो वास अजून तसाच आहे.

रागावू नका. मी कात्री लावली. कांबळं जमिनीवर अंथरून अर्धा तास नुसती बसून राहिले, हात धजेना. मग तुमच्या वितीची मापं घेतली आणि कापलं. तीन अंगरखे झाले. कडा शिवायला तुमच्याच कांबळ्याचे धागे उसवून घेतले, दुसरा धागा लावला नाही. शिवण्याआधी हात नुसत्या पाण्यानं धुतले. येसेनिया जवळ आली तर तिला म्हटलं, "लांब हो, तुझ्या केसांना शाम्पूचा वास येतोय."

पोटाखाली उघडं सोडलं आहे.

नोएमी


चुलुंकानी, १६ ऑगस्ट

नोएमी,

रस्ता काल उघडला. महिनाभर पत्र नाही म्हणून तू घाबरली असशील. बर्फ पडत होतं. पहिल्यांदा तीन दिवस, मग मध्ये जरा ऊन, मग परत पाच दिवस. तोरिबिओचा ट्रक खिंडीच्या पलीकडेच अडकला होता.

तुझं गाठोडं बर्फाच्या आदल्या दिवशी पोचलं. मी सोडलं, आणि हातात माझंच कांबळं. तपकिरी पट्टा, त्यातली चुकलेली एक ओळ, सगळं ओळखलं. क्षणभर डोकं फिरलं. म्हटलं, हिनं कापलं. मग आत तुझं पत्र सापडलं. नोएमी, मी खाली बसले आणि वयाला न शोभेल असं रडले. निकासिया आली, विचारते, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही गेलं. भावजय मिळाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी यानाला घातला. काळ्या जनावरावर तपकिरी अंगरखा, छोटी म्हातारीच दिसत होती. वाडग्यात सोडली आणि मी दगडी कुसापाशी उभी राहिले.  याना आईकडे गेली. सेन्योरानं मान खाली केली, मानेला वास घेतला, पाठीवर घेतला, शेपटीपाशी घेतला. परत पाठीवर घेतला. मला वाटलं, आता थुंकणार. ती नुसती "हम्म" असं गुणगुणली, मागचे पाय फाकून उभी राहिली, आणि यानानं सड तोंडात धरला. इतकं प्यायली की तोंडाला फेस आला.

सेन्योरा त्या वेळी दोन वर्षांची होती, कांबळं वाडग्यात होतं तेव्हा. तीही निजली असेल त्याच्यावर. तिला ते आठवलं की काय, मला सांगता येत नाही. मी म्हणते आठवलं.

बर्फात तिघंही तगली. पांढरं दोन दिवस उठत नव्हतं, त्याला मी वाडग्यातच कळपाच्या मधोमध घेऊन बसले. आता उठलंय, दुसऱ्यांच्या ढुशा खातंय. सांता रोसाला चौदा दिवस आहेत. मला बोटं मोजत बसायची सवय नाही, पण सध्या मोजते.

सातुर्निना


आरेकिपा, २२ ऑगस्ट

वन्सं,

सगळं उघडं पडलं. क्लेमेंतेला खोलीत घालायला कांबळं हवं होतं, "सातूच्या पलंगावर सातूचंच कांबळं," म्हणून त्यानं पेटी उघडली. आत चिंध्या आणि तुमची पत्रं. सगळी वाचली. मग गच्चीवर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तर म्हणतो, "नऊ वर्षं मी तुम्हा दोघींना एकमेकींशी बोला म्हणून विनवत होतो. बोललात ती माझ्याच विरुद्ध कट करायला?"

मी म्हटलं, "तुझ्याविरुद्ध नाही, तुझ्या खोलीविरुद्ध."

दोन दिवस तोंड फुगवून होता. आज सकाळी कामावर जाताना हळूच विचारतो, "यानाचं काय मग? पिते ना नीट?"

आता मला एक कबूल करायचं आहे. रस्ता बंद होता तेव्हा मी रोज ट्रकच्या अड्ड्यावर जात होते. पिल्लं जगली का, असं विचारायला निघायचे आणि तोंडातून बाहेर पडायचं, "बाई कशा आहेत?" पैज तुम्ही जिंकावी असं मला वाटतं, मनापासून वाटतं. पण खोली छान झाली आहे. सकाळी ऊन खरंच आत येतं. मी मधूनमधून तिथं जाऊन बसते आणि ती रिकामी राहणार म्हणून थोडं वाईट वाटतं. हे मी मे महिन्यात लिहिलं असतं का?

नोएमी


चुलुंकानी, ३१ ऑगस्ट

नोएमी,

काल सांता रोसा झाली. तिन्ही पिल्लं वाडग्यात उभी आहेत. याना आज निकासियाच्या टोपीवर थुंकली, म्हणजे तब्येत उत्तम आहे. क्लेमेंतेला सांग, तुझी बहीण जिंकली आणि ती वरच राहणार.

आता देण्याघेण्याचं. येसेनियाचे पहिले केस कापायला आत्या हवी होती, ते आपल्या भांडणात राहून गेलं. तू कुठल्या तरी दुकानात कापून घेतलेस हे मला त्याच वर्षी कळलं होतं. इतक्या वर्षांचा उशीर झालाय तर झालाय, एक बट ठेव माझ्यासाठी. पहिली बट कापणाऱ्या आत्यानं पोरीला एक मादी द्यायची असते, आणि तिची पुढची सगळी पिलावळ पोरीचीच. मी याना देते. कानात कुठल्या रंगाचा गोंडा ओवायचा ते येसेनियाला विचार. फक्त नारिंगी नको.

तुझ्यासाठी नवं कांबळं जुलैपासूनच मागावर होतं. बर्फाचे दिवस त्याच्यावरच काढले. आता तीन रात्री वाडग्यात निजून झालंय. यानाही निजली त्याच्यावर, मी बघितलं. गच्चीवर वाळत घालायचं असलं तर घाल, मी काही म्हणणार नाही.

मात्र ते तोरिबिओकडे देत नाही, मीच घेऊन येते. कळपाकडे निकासिया आठ दिवस बघेल. खोलीला पडदा लावू नकोस, ऊन येऊ दे. आठ दिवसांनी मी परत निघणार, तू रडलीस तरी.

आणि जेवायला तेच कर. त्या दिवशी मी दारातूनच फिरले, पण तू काय रांधलं होतंस ते मला कळलं होतं. भरलेली रोकोतो मिरची, वरून चीज वितळवलेली. पार जिन्यापर्यंत वास आला होता. नऊ वर्षं झाली, अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

तुझी
सातू वन्सं